दोन नावांचा पाहुणा

अंकितानं पोर्तुगालहून सोबत आणलेला माणूस काहीतरी लपवून आहे, हे कौशल्याबाईनं पहिल्या चार दिवसांतच ताडलं.

तो परका होता म्हणून नव्हे. ती गोष्ट तिनं आधीच मनाशी मिटवली होती. नवरा, बंडूजी, गेल्यापासून शेत आणि दोन लेकरं तिनं एकटीनं सांभाळली होती. थोरली अंकिता शिकली, कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी पोर्तोला गेली, तिथं वर्षानुवर्षं राहिली. तेव्हा तिला तिथलाच कोणी आवडला तर त्यात नवल ते काय. शिवाय पोरगा वागायला सरळ दिसत होता. दारात आला की चपला काढायचा, ताटातलं संपवायचा, तिखटानं डोळ्यांतून पाणी आलं तरी ठेच्याला पुन्हा हात घालायचा. नाव रुई. रोहणा गावात कपाशी पिकवणाऱ्या लोकांना त्या नावाची मोठी मौज वाटली. शेजारची नलू तर त्याच्या तोंडावरच म्हणाली, "बापा, कापसाचं नाव ठेवलं का पोट्ट्याचं?" अंकितानं त्याला त्याचा अर्थ सांगितला तेव्हा सगळ्यांत जास्त तोच हसला.

खुपत होतं ते दुसरंच. लग्नाचं पहिल्यांदा बोलली तेव्हा अंकितानं फोनवर सांगितलं होतं की रुई दोन खेळ खेळायचा. शनिवारी हॉकी, रविवारी फुटबॉल. हॉकीही साधी नाही, पायात चाकाचे बूट घालून गुळगुळीत फरशीवर खेळायची. दोन्हींत तो नावाजलेला, दोन्हींत त्याचे फोटो पेपरात यायचे. आता खेळणं सोडलं, पण खेळायचा तेव्हा लोक त्याच्यासाठी गर्दी करायचे. कौशल्याबाईनं हे भाजीबाजारात दहा जणींना सांगितलं. तिचा धाकटा नीरज गावच्या फुटबॉल टीमचा कप्तान; त्यानं तर अख्ख्या रोहण्यात डांगोरा पिटला. आणि आता हा दोन खेळांचा गडी घरात येऊन राहिला होता आणि चेंडूला पाय लावायला तयार नव्हता.

पहिल्याच संध्याकाळी पोरांचा चेंडू अंगणात आला. रुई खाटेवर बसला होता. चेंडू घरंगळत जवळ आला तसा त्यानं बसल्या बसल्या तो तळपायाखाली घेतला, एकदा मागं ओढला, आणि पायाच्या बोटांवर अलगद उचलून धरला. पोरं ओरडली, "खेलो, भैया, खेलो!" तेवढ्यात अंकिता स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिनं नुसतं पाहिलं. रुईनं चेंडू हातात घेऊन पोरांना दिला आणि आत निघून गेला.

"त्याचा पाय दुखते," अंकिता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच पाय दुखणारा माणूस कौशल्याबाईच्या मागोमाग शेतापर्यंत चालत आला, दुपारपर्यंत सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, वाफ्यात उकिडवा बसून निंदत राहिला, आणि जुड्या बांधून झाल्यावर चालतच घरी गेला. पाय कुठंच दुखला नाही.

नीरजलाही काहीतरी वास आला होता. एका दुपारी तो मोबाइल घेऊन आईजवळ ओट्यावर बसला.

"आई, मी नेटवर शोधून पाह्यलं. रुई बास्तोस नावाचा हॉकीवाला सापडते. फोटो बी याचाच आहे. पण फुटबॉलच्या त्या क्लबात या नावाचा कोणीच नाई. एकाबी वर्षी नाई."

"मंग?"

"मंग काय? हॉकी खरी असन. फुटबॉलचं फेकलं असन."

कौशल्याबाईनं अंकिताला विचारलं. अंकिता म्हणाली, "फुटबॉलमधी तो दुसऱ्या नावानं खेळायचा. तिकडं चालते तसं."

"कोणत्या नावानं?"

"पील्याश."

"हे काय नाव आहे?"

"टोपणनाव आहे गं, आई." आणि तिनं चहाचं आधण ठेवायला पाठ फिरवली.

नीरजनं ते नाव टाकून पुन्हा शोधलं. फोटो निघाला, पण लांबून काढलेला. आताची दाढी नाही, केस मानेपर्यंत वाढलेले. तो रुई असू शकत होता आणि नसूही शकत होता. नलूनं मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि परत दिला.

"दोन नावं कोण ठेवते, कौशल्या? ज्याले लपाचं असते थो."

त्यानंतर कौशल्याबाई पाळतच ठेवायला लागली. जेवण झालं की तो भिंतीकडं तोंड करून गोळी घ्यायचा. नीरज अंगणातल्या नळावर उघड्यानं अंघोळ करायचा. हा मात्र दार लावून, आणि बाहेर यायचा तो अंगात टी-शर्ट चढवूनच. फोन आला तर उजव्याच कानाला लावायचा, उजवा हात भाजीत बरबटलेला असला तरी आधी तो धुऊन. शर्टाच्या डाव्या खिशात कधी काही ठेवायचा नाही. आणि नीरजनं आणखी एक सांगितलं. पाहुण्यांना आणायला तो नागपूरला गेला होता, तेव्हा तिघं एका मॉलात शिरले. दारात तपासणीची चौकट होती. रुईनं तिथल्या गार्डला बाजूला नेऊन कानात काहीतरी सांगितलं, गार्डनं त्याला चौकटीतून न नेता कडेनं आत सोडलं.

"मले वाटलं, फॉरेनर म्हणून सोडलं," नीरज म्हणाला. "आता काय समजाचं?"

मग ट्रॉलीचं झालं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं मागचं फाळकं तुटलं होतं, ते आर्वी रोडवरच्या वेल्डिंगच्या दुकानात न्यायचं होतं. बाजारात मेथी टाकायची म्हणून कौशल्याबाई सोबत निघाली, आणि रुईही हौसेनं ट्रॉलीत चढला. दुकानात पोचेपर्यंत तो मजेत होता, रस्त्यातल्या प्रत्येक वस्तूचं नाव विचारत होता. वेल्डरनं काच तोंडासमोर धरली, पहिली ठिणगी उडाली, आणि रुई एक पाऊल मागं सरला. मग आणखी एक. मग रस्ता ओलांडून पलीकडच्या पानटपरीच्या मागं जाऊन उभा राहिला. कौशल्याबाईनं हाक मारली तर त्यानं लांबूनच हात हलवला, पण आला नाही. फाळकं जोडून होईपर्यंत, मशीन बंद होईपर्यंत, तो तिकडंच.

घरी आल्यावर तिनं हे भैयाजींच्या कानावर घातलं. भैयाजी तिचे थोरले भासरे, बंडूजीचे मोठे भाऊ. लग्नाची तारीख त्यांच्याच तोंडून निघायची होती.

"ठिणगीले भेणारा खेळाडू मी नाई पाह्यला," ते म्हणाले. "मागं पोलीस केस गिस तर नाई ना त्याच्या? तिकडून पळून आला असन आन आपल्या बोकांडी बसन."

"अंकिता तसं करन का, भाऊजी?"

"अंकिताले तरी मालूम आहे का सगळं? नीरजची माय, छडा लागेपर्यंत मी तारीख काढत नाई. सांगून ठेवतो."

रविवारी शाळेच्या मैदानावर रोहण्याचा तळेगावशी सामना होता. नीरजनं पाहुण्याला प्रमुख पाहुणा केलं. खेळायचं नाही तर नाही, पहिला चेंडू तरी मारेल. भैयाजी पुढच्या रांगेत खुर्ची टाकून बसले, नलू आणि कौशल्याबाई बायकांत. माइकवर कोणीतरी पोर्तुगालचं नाव घेतलं, टाळ्या पडल्या, आणि रुई मधल्या चुन्याच्या वर्तुळात जाऊन उभा राहिला. पायात साधे चालायचे बूट होते. त्यानं चेंडूकडं पाहिलं, मग लांब असलेल्या गोलाकडं पाहिलं. दोनच पावलं मागं गेला. चेंडू उडाला तो सगळ्यांच्या डोक्यांवरून, हवेतच डावीकडं वळला आणि थेट गोलाच्या आडव्या दांडीवर आदळला. दांडी थरथरत राहिली.

मैदानात एकच गलका उठला. नीरजनं दोन्ही हात डोक्यावर ठेवले. तळेगावचा गोलकीपर मागं वळून दांडीकडं बघतच राहिला.

कौशल्याबाईनं मात्र टाळी वाजवली नाही. खेळताच येत नसतं तर गोष्ट वेगळी होती. थापाड्या म्हणून सोडून देता आलं असतं. इतकं येत असताना हा माणूस खेळत काऊन नाही?

उत्तरार्धात रोहण्याचा एक पोरगा पाय मुरगळून बाहेर आला. बदली कोणी नव्हता. गर्दीतून आधी एकानं, मग सगळ्यांनी ओरडायला सुरुवात केली, "रुई! रुई!" रुई मान हलवून नाही म्हणाला. मागून कोणी शिट्टी मारली, कोणी म्हणालं, "भेते का बे?" आणि लोक हसले. नीरजचं तोंड उतरलं. तो मैदानातून धावत कडेला आला आणि हात जोडून म्हणाला, "फक्त दस मिनिट, भाऊ."

रुई उठला. कौशल्याबाई त्याच्याकडंच पाहत होती. उपाशी माणूस ताटाकडं बघतो तसा तो त्या मैदानाकडं बघत होता. त्यानं चुन्याच्या रेषेवर एक पाय टाकला.

"रुई!"

अंकिता खुर्च्या ढकलत धावत आली. सगळ्या गावासमोर तिनं त्याचा शर्ट मुठीत धरला आणि मागं ओढला. गर्दी पुन्हा हसली. नलू पुटपुटली, "पाहा, आतापासूनच दावणीले बांधलं." पण कौशल्याबाई हसली नाही. लेकीचा तो आवाज तिनं ओळखला. बंडूजी शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चहा पिता पिता एका कुशीवर कलंडला, तेव्हा तिच्या स्वतःच्या तोंडून नेमकी अशीच हाक निघाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नीरजला बाजारात पाठवलं आणि त्या दोघांना शेतात बोलावलं. समोर मेथीचा ढीग होता, पण तिनं जुडी हातात घेतली नाही.

"बसा. अंकिता, आता सगळं खरं सांग. याले काय झालं आहे?"

अंकिता काही बोलायच्या आत रुईनंच शर्टाची वरची बटणं काढली. डाव्या खांद्याच्या हाडाखाली कातडीत काहीतरी बसवलेलं होतं. काडेपेटीएवढा उंचवटा, वर ताणलेली कातडी आणि आडवा जुना व्रण.

कौशल्याबाईचा हात आपोआप तोंडावर गेला. "हे काय आहे वं?"

"मशीन आहे. त्याचं हृदय बिघडलं त ते आतून झटका देते, पुन्हा चालू करते. चुंबकाजवळ, वेल्डिंगजवळ जाऊ देत नाईत. मॉलच्या चौकटीतून बी नाई."

रुई बोलायला लागला. इंग्रजीत, मध्ये मध्ये त्याच्या भाषेत, हातानं दाखवत, कधी थांबून, कधी भराभर. बराच वेळ बोलला. अंकिता ऐकत होती आणि जमिनीतलं गवत उपटत होती. तो थांबल्यावर ती म्हणाली, "तो म्हणते, खेळताना चक्कर आली, मग डॉक्टरनं मशीन बसवलं. आता बरा आहे."

कौशल्याबाई लेकीकडं वळली.

"तो एवढं बोलला, आन तू एवढंसंच सांगून राह्यली? बाकीचं कुठं गेलं?"

अंकिता पुन्हा गवत उपटायला लागली. रुईला शब्द कळले नसतील, पण काय विचारलं ते कळलं. तो अंकिताला एकच शब्द म्हणाला, "तुदु."

अंकिताच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "सगळं सांग म्हणते," ती म्हणाली. आणि मग तिनं सगळं सांगितलं.

पोर्तोजवळच्या एका गावात तो लहानाचा मोठा झाला. घरासमोर फुटबॉलचं मैदान, मागच्या गल्लीत हॉकीचा हॉल. इकडून सुटला की तिकडं. थकायचाच नाही, म्हणून फुटबॉलच्या कोचनं त्याचं नाव पील्याश ठेवलं. पील्याश म्हणजे टॉर्चमधले सेल. फुटबॉलमध्ये तेच नाव पाठीवर छापलं गेलं, हॉकीत खरं नाव राहिलं. मोठा झाल्यावर दोन्हीकडचे कोच म्हणायला लागले, एक काहीतरी धर. यानं ऐकलं नाही. वर्षातून एकदा तपासणी व्हायची, त्यातूनही दुखणं निसटलं. एका शनिवारी हॉकीच्या सामन्यात चेंडू घेऊन तो गोलच्या मागून वळला, आणि वळता वळताच कोसळला. समोरच्या टीमचा गोलकीपर अंगावरच्या जाड गाद्यांसकट गुडघ्यांवर बसला आणि हॉलमधलं झटक्याचं मशीन येईपर्यंत त्याची छाती दाबत राहिला. म्हणून वाचला. हृदयाचा स्नायू जन्मापासून जाड होता. दोन्ही खेळ एकाच दिवशी सुटले.

"तो म्हणते, नाव पहिले मिळालं, सेल नंतर बसवला," अंकिता डोळे पुसत म्हणाली. रुई कसंनुसं हसला. कौशल्याबाई हसली नाही.

"आन पुढं?"

"पुढं... मशीन एकदा चाललं आहे. आम्ही जिना चढत होतो. मी जवळच होती." अंकितानं हातातलं गवत फेकलं. "तो मले दोनदा म्हणाला, तू जा, दुसरं कोणी पाहा. मी गेली नाई. आन इथं आल्या दिवशीच तो तुले सांगणार होता. मीच नाई म्हटलं. त्याले म्हटलं, लग्न होऊ दे, मग सांगू."

"म्हंजे खोटा हा नाई. खोटी तू."

"बाबाचं तसं झाल्यावर तुले हे सांगितलं असतं, त तू हो म्हटलं असतं का, आई?"

कौशल्याबाई उठली आणि वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन मेथी उपटत बसली. इतके दिवस ती पाहुण्यावर डोळा ठेवून होती, आणि लपवाछपवी पोटच्या पोरीनं केली होती. राग कोणावर काढावा तेच तिला कळेना. संध्याकाळपर्यंत ती अंकिताशी बोलली नाही. दिवेलागणीला मात्र म्हणाली, "उद्या वर्ध्याले जाऊ. मी डॉक्टरले स्वतः विचारतो. तुमच्या दोघांच्या सांगण्यावर आता माहा भरवसा नाई."

जीप ठरवली, चौघं गेले. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात हृदयाच्या डॉक्टर होत्या, डॉक्टर भावना. त्यांनी रुईला तपासलं आणि कौशल्याबाईच्या प्रश्नांना न कंटाळता उत्तरं दिली. प्रश्नही तिनं वकिलासारखे विचारले. मशीन बंद पडलं तर? काही वर्षांनी बदलायचं असतं. हा धावला तर? स्पर्धा नाही, चालणं, हलकी सायकल, सावकाश स्केटिंग चालेल. लेकरं झाली तर? ती तपासावी लागतील, हे दुखणं घराण्यात उतरू शकतं. हा म्हातारा होईल का?

"नीट राहिला तर होईल," डॉक्टर म्हणाल्या. "लेखी मात्र कोणाचंच देता येत नाही, कौशल्याबाई. तुमचं-माझंही नाही." मग त्यांनी सहज विचारलं, "मुलीचे वडील आले नाहीत?"

"ते गेले. धुऱ्यावर चहा पीत होते, बसल्या जागी गेले. काही बिमारी नव्हती. पंचेचाळिशी बी झाली नव्हती."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. आधी अंकिताकडं आणि मग नीरजकडं पाहिलं. "या दोघांची तपासणी कधी केली?"

"मले काय धाड भरली?" नीरज हसला. "मी दर रविवारी फुटबॉल खेळतो, मॅडम."

"म्हणूनच विचारतेय," डॉक्टर म्हणाल्या. "आजच करून टाकू."

दोघं भावंडं आत गेली. रुई आणि कौशल्याबाई बाहेरच्या बाकड्यावर बसले. बराच वेळ झाला. दवाखान्याच्या पलीकडं एक मैदान होतं, त्यात सिमेंटचा चौकोन, आणि तिथं शहरातल्या पोरापोरींचा स्केटिंगचा क्लास सुरू होता. रुई उठून कुंपणाशी गेला. शिकवणाऱ्या माणसाशी काहीतरी बोलला. त्या माणसानं आपले स्वतःचे बूट काढून दिले.

कौशल्याबाई धसकून त्याच्या मागोमाग गेली. "डॉक्टर काय बोलली, ध्यानात आहे ना?" ती मराठीतच म्हणाली. रुईनं हाताचा पंजा खाली दाबत दाखवलं, हळू, हळू.

आणि तो खरंच हळू गेला. पण कौशल्याबाईनं असं हळू कधी पाहिलं नव्हतं. आपल्या अंगणात माणूस दात घासत फिरतो तितक्या सहज तो त्या चाकांवर फिरत होता. पुढं जाता जाता पाठमोरा झाला, पाठमोराच वळला, पडलेल्या एका मुलीला न थांबता हात देऊन उभं केलं. पोरं आपली शिकवणी सोडून त्याच्या मागं लागली, एकामागं एक, रांगेनं. तो हसत होता. इतक्या दिवसांत तिनं त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. ती कुंपणाची तार धरून उभी होती आणि तिच्या लक्षात आलं की आपण याचा खोटेपणा शोधत नाही आहोत. त्याची छाती वरखाली होते तेवढीच बघतो आहोत, फार जोरात तर होत नाही ना म्हणून.

"आई!"

अंकिता रस्त्यापलीकडून हाक मारत होती. तिचा चेहरा पाहूनच कौशल्याबाईनं तार सोडली.

अंकिताचं सगळं ठीक निघालं. नीरजचं नाही. त्याच्याही हृदयाचा स्नायू जाड होता. अजून तपासण्या करायच्या होत्या, गोळ्या सुरू करायच्या होत्या; वेळेवर सापडलं, घाबरू नका, असं डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगत होत्या. फुटबॉल मात्र आजपासून बंद.

नीरज बाकड्यावर बसून होता. रुई जवळ आला तसा तो ताडकन उठला. "हा आला नसता, त हे काहीच झालं नसतं," तो ओरडला. "याचाच रोग मले लावला तुम्ही!" तो सगळ्यांच्या आधी जाऊन जीपमध्ये पुढं बसला.

संध्याकाळी भैयाजी आले. त्यांना सगळं कळलं होतं. खाटेवर बसून, आवाज खाली करून ते म्हणाले, "नीरजची माय, पोराचं आपण पाहून घेऊ. पण आता या पाव्हण्याले नाई म्हणजो. अशा बिमार माणसाले पोरगी द्याची?"

"उद्या नीरजसाठी पोरगी पाहाले जाऊ, भाऊजी," कौशल्याबाई म्हणाली, "तवा तिच्या मायनं हेच म्हटलं, त तुम्ही काय सांगसान?"

भैयाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आन याले काय आहे ते मले मालूम आहे. मशीन कुठं बसवलं ते बी मालूम आहे. माह्या घरात कोणाले काय आहे, ते मले या पोट्ट्यापायी कळलं. तुमच्या भावाचं कळलं असतं, त..." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तारीख काढा. संक्रांत झाली की कोणतीबी."

भैयाजींनी तारीख काढली. नीरज मात्र कोणाशी बोलेना. गोळ्या आई समोर उभी राही तेव्हाच घ्यायचा. रविवारी दुपारी त्यानं कपाटातून फुटबॉलचे बूट काढले, पिशवीत टाकले आणि न सांगता बाहेर पडला. कौशल्याबाईनं चूल तशीच सोडली आणि मागं निघाली. रस्ताभर तिच्या मनात नाही नाही ते येत होतं.

मैदानावर खेळ सुरू झाला होता, आणि नीरज त्यात नव्हता. तो शाळेच्या पायऱ्यांवर बसला होता. रुई त्याच्याआधीच तिथं येऊन बसलेला दिसत होता, कारण त्याच्याजवळ शेंगांच्या टरफलांचा चांगला ढीग पडला होता. कौशल्याबाई भिंतीच्या आडोशाला थांबली.

नीरजनं रुईचा भाषांतर करणारा मोबाइल तोंडाशी धरून हिंदीत विचारलं, "पहिल्या दिवशी, खेळ बंद झाला त्या दिवशी, तू काय केलं?"

मोबाइलनं ते पोर्तुगीजमध्ये सांगितलं. रुईनं विचार केला आणि उत्तर दिलं. मोबाइलमधली बाई कोरड्या आवाजात हिंदीत बोलली: दवाखान्यातून घरी आलो. दोन्ही खेळांचे बूट गच्चीवरून खाली फेकले. आईला शिव्या दिल्या. नंतर अंधार पडायच्या आधी खाली जाऊन सगळे शोधले. एक बूट मिळाला नाही.

"कुठं गेला?"

रुईनं मोबाइल बाजूला ठेवला. दोन्ही हात तोंडाशी नेऊन त्यानं कुत्रा कसा चावत बसला होता ते करून दाखवलं.

नीरज हसला. हसता हसता त्यानं डोकं गुडघ्यांत घातलं, आणि त्याचे खांदे हलायला लागले. रुईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मैदानाकडं बघत राहिला.

कौशल्याबाई जरा वेळ जाऊ देऊन पुढं आली. "सरका," ती म्हणाली आणि दोघांच्या मध्ये पायरीवर बसली. रुईनं तिच्यापुढं शेंगा केल्या. नीरजनं बाहीनं नाक पुसलं. तेवढ्यात समोर आपल्या टीमचं काहीतरी चुकलं आणि तो बसल्या जागेवरून ओरडला, "अबे पंकज, मागं कोण राहीन?" रुईनं त्याचा दंड धरून थांबवलं आणि मातीत बोटानं रेघा ओढून दाखवायला लागला, कोणी कुठं उभं राहायचं ते. नीरज वाकून बघत होता, मध्येच मान हलवत होता, वाद घालत होता.

कौशल्याबाईला त्यातलं काहीच समजलं नाही. घरी चुलीवर भात तसाच होता. तरी ती सामना संपेपर्यंत तिथंच बसून राहिली.